आधी तुम्ही सांगा

"आधी तुम्ही सांगा, बाबा," सून म्हणाली आणि वही उघडून बसली.

झालं, रोजचंच! सहा ग्लास ओळीने मांडायचे, उस्तादांनी चाखायचं, बोलायचं, आणि हिने मान खाली घालून लिहीत सुटायचं. ही बिअर शिकायला येते की आपला जबाब नोंदवायला, असा प्रश्न उस्तादांना हल्ली रोज पडायचा.

ब्रुअरीत सगळे त्यांना उस्ताद म्हणत. चाळीस वर्षं त्यांनी घोट घेऊन "सोडा" म्हटल्याशिवाय थेंबभर बिअर दाराबाहेर गेली नव्हती. आणि आता मुलगा म्हणत होता, सोमवारपासून "सोडा" हिने म्हणायचं. हिने! लग्न होऊन आली तेव्हा टाक्यांजवळून नाकाला रुमाल लावून जायची, ती ही. उस्तादांची बायको गेली आणि महिन्याभरात हिला अचानक गोडी लागली. "बाबा, मला शिकवा. सगळे प्रकार चाखायचेत." कुठेतरी पाणी मुरत होतं, एवढं न कळायला उस्ताद काही दुधखुळे नव्हते.

तरी शिकवलं. फेस कसा बघायचा, ग्लास फिरवून नाक कसं आत घालायचं, पहिला घोट जिभेवर कसा लोळवायचा. गव्हाची, काळी, आंबट, धुरावलेल्या जवाची. आठ महिन्यांत शंभरावर प्रकार झाले असतील. पोरगी हुशार होती, हे त्यांना मनातल्या मनात कबूल होतं. पण स्वतः आधी तोंड उघडेल तर शपथ. आणि ती वही! खाकी कव्हरची, कोपरे दुमडलेली. नवी घे म्हटलं तरी घेत नव्हती.

याच आठ महिन्यांत दोनदा माल परत आला. आंबलाय म्हणे. उस्तादांनी स्वतः पास केलेला माल! कडवटपणासाठी घालायची हॉप्सची फुलं हल्ली मिळमिळीत येतात, हे ते सगळ्यांना सांगून थकले होते. पण आंबणं? टाक्यांची चावी कुणाकडे असते? सुनेकडे.

बायकोची गोष्ट वेगळी होती. दहाचा चहा घेऊन ती टाकीपाशी यायची, उस्तादांच्याच ग्लासातून घोटभर घ्यायची आणि म्हणायची, "दोन दिवस टाकीतच राहू द्या की हिला." उस्ताद हसायचे. तिला काय कळतंय त्यातलं! पण बायकोचा हट्ट म्हणून राहू द्यायचे. संसारात एवढं तर करावंच लागतं. आता दहाचा चहा त्यांना जड जायचा.

आणि ही? नाकापेक्षा मोती जड झाला होता. परवा उस्तादांनी शेगडीवर चहाचं आधण ठेवलं आणि पेपर उघडला, तर ही धावत आली, बटण बंद केलं आणि धडाधड सगळ्या खिडक्या उघडल्या.

"माझ्याच घरात मी चहाही करायचा नाही का?"

"मी करते ना, बाबा," एवढंच म्हणाली. मग आतल्या खोलीत जाऊन फोनवर नवऱ्याशी कुजबुजली. उस्तादांचे कान तिखट होते. "अजून नाही सांगितलं. एकदा पक्की खात्री होऊ दे."

कसली खात्री? त्याच क्षणी उस्तादांनी ठरवलं, हिचं पितळ उघडं पाडायचं.

म्हणून आज परीक्षा. "सहा टाक्यांतून सहा प्रकार तू भर," त्यांनी काल बजावलं होतं. "मला नावं सांगू नकोस. पास झालीस तर सोमवारपासून टाक्या तुझ्या. नापास झालीस तर हा विषय पुन्हा या घरात निघायचा नाही."

तिने वही मिटली होती. मग म्हणाली, "बरं."

सकाळी मोरीत कढई भिजत पडलेली दिसली, तळाला काळीकुट्ट साखर चिकटलेली. साखर करपवणारी बाई टाक्या सांभाळणार, वा!

उस्तादांनी पहिला ग्लास उजेडात धरला. फिकट सोनेरी. शेवटचा जवळजवळ काळा. रंगांची कशी सुरेख उतरंड. त्यांनी डोळे मिटले, घोट घेतला, आणि चाळीस वर्षांचा अनुभव बोलू लागला.

"मध. दुसऱ्यात संत्र्याची साल. तिसऱ्यात लवंग, अगदी शेवटी येते. चौथ्यात धूर. पाचवी कॉफी. सहाव्यात भिजलेलं लाकूड."

सून लिहीत होती. लिहिताना तिचं पेन दोनदा खाली पडलं. घाबरली, उस्तादांना वाटलं. बरी सापडली.

"आता तू बोल. माझे शब्द चोरायचे नाहीत."

तिने एकेका ग्लासातून घोट घेतला. सहावा खाली ठेवताना तिचे डोळे भरले होते.

"बाबा, आज राहू दे."

"बोल!"

"मला सगळी एकच लागली."

उस्ताद खदाखदा हसले. आठ महिन्यांत इतकं मोकळं हसू त्यांना आलं नव्हतं. "एकच! शंभर प्रकार पाजले आणि ही म्हणते एकच! नापास. कळव तुझ्या नवऱ्याला. आण ती वही इकडे."

"वही नको, बाबा. पाया पडते."

त्यांनी ती हिसकावूनच घेतली.

आजचं पान. डावीकडे त्यांचे शब्द, जसेच्या तसे. मध. संत्र्याची साल. लवंग. उजवीकडे, सकाळीच लिहून ठेवलेलं: टाकी चार. टाकी चार, करपवलेली साखर एक चमचा. टाकी चार, दोन चमचे. खालपर्यंत टाकी चारच.

मागचं पान. परवाचं. 'गॅस चालू, ज्योत विझलेली. बाबा शेजारीच पेपर वाचत होते.'

उस्ताद भराभर मागे जाऊ लागले. मध्येच अक्षर बदललं. हे अक्षर सुनेचं नव्हतं. वाणसामानाच्या यादीवर, औषधांच्या डब्यांवर जन्मभर पाहिलेलं होतं ते.

पहिल्या पानावर सहा वर्षांपूर्वीची तारीख होती, आणि तिच्याखाली बायकोने लिहिलं होतं: 'ह्यांचं नाक गेलंय. ह्यांना कळू द्यायचं नाही. उद्यापासून दहाचा चहा घेऊन मीच टाकीपाशी जाईन.'