पाऊण तासावरचा मुलगा

"त्या नावाचं तिकीट दिसत नाही, आजी," विमानतळावरच्या खिडकीमागची मुलगी म्हणाली.

"नीट बघ गं. कोल्बेन. नाहीतर आता येऊन काढेल, त्याचं सगळंच ऐनवेळी." स्टेनुन हसली. "मला त्याच्या शेजारची खुर्ची मिळाली म्हणजे झालं. लहानपणी दाराआड लपून मला दचकवायचा. आज माझी पाळी."

स्टेनुनला आज सत्तर वर्षं पूर्ण झाली होती. डोळे तपासून घ्यायला ती सकाळीच आकुरेयरीहून रेक्याविकला आली होती. मुलाला कळवलं नव्हतं. वाढदिवसासाठी तो दुपारच्या विमानाने तिच्याकडे निघणार होता. परतीसाठी तिने मुद्दाम तेच विमान धरलं होतं.

विमानाने जेमतेम अडीचशे किलोमीटर. पाऊण तास. हातातली कॉफी संपेस्तोवर उतरायची वेळ होते. पण तेवढी वाट कोल्बेनला कित्येक वर्षांत जमली नव्हती. कधी वारा आडवा यायचा, कधी बर्फ. नाताळला विमान रद्द झालं, तिच्या खुब्याच्या ऑपरेशनला रद्द झालं, वडिलांच्या अंत्यविधीलाही रद्द झालं. आइसलँडच्या हवेशी कोण भांडणार?

ती दाराकडे तोंड करून बसली. तेवढ्यात फोन वाजला.

"आई, विमानतळावरूनच बोलतोय. काय सांगू तुला, विमान रद्द झालं."

"अरे! का रे?"

"वारा! बाहेर धड उभं राहवत नाहीये."

स्टेनुनने काचेबाहेर पाहिलं. धावपट्टीवर लख्ख ऊन होतं. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी दांडीला मरगळून लोंबत होती.

"सगळ्यांचंच रद्द झालं?"

"सगळ्यांचंच. लोक नुसते वैतागलेत इथे."

इतक्यात आकुरेयरीच्या प्रवाशांना विमानात बसायला बोलावलं. तिने झटकन फोन कोटाच्या आत छातीशी दाबून धरला. त्याला ऐकू जाऊ नये म्हणून. त्याची फजिती होऊ नये म्हणून.

"आई? आहेस ना?"

"आहे रे. जा तू घरी. गारठशील."

विमान उडालं. शेजारची खुर्ची रिकामीच राहिली. स्टेनुनला नवऱ्याच्या अंत्यविधीचा दिवस आठवला. चर्चमध्ये दुसऱ्या बाकावर नवऱ्याचे रेक्याविकचे मित्र बसले होते. त्याच सकाळच्या विमानाने आलेले. एवढ्या वादळात आलात, म्हणून तिने एकेकाचे हात हातात घेतले होते. त्यांनी माना खाली घातल्या होत्या. दुःखानेच, असं तिला वाटलं होतं.

ती रेक्याविकहून परतायची वाट बघत घरी पाहुणे जमले होते. नणंद रन्वेइगने धुरी दिलेलं मटण आणि सायीचा केक मांडून ठेवला होता. सगळे दाराकडे वळले. स्टेनुनच्या मागे कुणी नव्हतं.

"कोल्बेनचा फोन आला होता," कोट काढत ती म्हणाली. "आज रेक्याविकहून एकही विमान सुटलं नाही. वारा फार आहे."

"या दिवसांत असतोच गं वहिनी," रन्वेइग म्हणाली आणि केक कापायला वळली. बाकीच्यांनी आपापल्या बश्या उचलल्या.

मग तू कशी आलीस, असं कुणीच विचारलं नाही.