पेल्यावरचा तळवा

शर्यत पहाटे पाचला सुटायची होती. प्रमुख पाहुणे सव्वासातला उगवले, मग हार, मग शाल, मग भाषण. सूर्यानं मात्र कुणाची वाट पाहिली नाही. गावातली ही पहिली मॅरेथॉन. होती अर्धीच, पण बारसं थाटात झालेलं. दहाच्या सुमारास माणसं स्वामीमलैहून वळसा घालून पुन्हा कुंभकोणमात शिरू लागली, तेव्हा डांबर चपलेला चिकटत होतं आणि सावलीतली कुत्री भुंकायचाही कंटाळा करत होती.

रुक्मिणीबाई दारापुढच्या रस्त्यात उभ्या होत्या. ओट्यावर त्यांचे यजमान अप्पाजी पातेल्यातलं नीरमोर ढवळत होते. पाण्यासारखं पातळ ताक, त्यात आलं, मीठ, कढीपत्ता. ते पेला भरायचे आणि बाई पळणाऱ्याच्या हातात द्यायच्या. "कुडिंग, कुडिंग," घरी तंजावरी मराठी बोलणाऱ्या बाई सगळ्यांना तमिळमध्ये विनवत होत्या. प्या, प्या. आवाज चिरका येत होता, कारण कालपासून त्यांच्या स्वतःच्या घशाखाली थेंब उतरला नव्हता. आज निर्जळा एकादशी होती.

"एक घोट घे गे," अप्पाजी तिसऱ्यांदा म्हणाले.

"मोडूं म्हणतां? मग पोर माझें कशाला गेलें?"

अप्पाजींनी पुढचा पेला भरला. 

गेल्या साली याच तिथीला त्यांचा अनंतकृष्ण चेन्नईच्या एका मॅरेथॉनमध्ये पळाला होता. इतर एकादश्यांना पोरगा खुशाल इडल्या हाणायचा, म्हणून आईनं सौदा केला होता. तेवीस माफ, ही एक पाळ, सगळ्यांचं पुण्य हिच्यात येतं. त्या दिवशी पहाटे त्यानं फोन करून विचारलं, ऊन फार सांगितलंय, पाणी पिऊं का? "थोडी कळ काढ, बाळा," बाई म्हणाल्या होत्या. "उद्यां द्वादशीला पोटभर पी." पोर आईच्या शब्दाबाहेर गेलं नाही. नंतर लोकांनी सांगितलं, पाण्याच्या प्रत्येक टेबलापाशी तो हसायचा आणि पंगतीत आग्रह परतवावा तसा पेल्यावर तळवा ठेवायचा. एकतिसाव्या किलोमीटरला पडला तो उठलाच नाही.

तेव्हापासून दर एकादशीला, उन्हं चढली की बाईंना रस्त्यावर पळणारी पावलं ऐकू येत. डावं पाऊल किंचित घासत पडणारी, अनंताचीच. ती दारापर्यंत येत आणि न थांबता पुढे जात. अप्पाजींना त्यांनी हे कधी सांगितलं नाही. म्हाताऱ्या जिवाला उगीच घोर कशाला?

गर्दी विरळ झाली. मागच्या गल्लीतल्या हनुमंतरावांची नात लावण्या येताना दिसली. एवढ्या उन्हात तिचा चेहरा लाल नव्हता, पांढरा पडला होता. अंगावरचा घाम वाळला होता. बाईंनी पेला पुढे केला.

लावण्या हसली आणि तिनं पेल्यावर तळवा ठेवला.

"एकादशी की, मावशी. आजोबांला वचन दिलेंय."

ताक हिंदकळून बाईंच्या मनगटावर सांडलं.  त्यांनी तिचं मनगट घट्ट धरलं.

"पी. आजोबांला मीं सांगतें."

"चारच किलोमीटर ऱ्हायलेत, मावशी."

"लावण्या, पी म्हणतें ना!"

पोरीनं त्यांच्या भेगाळलेल्या ओठांकडे पाहिलं. "तुम्ही प्यालांत?"

बाईंनी हातातल्या पेल्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांचं व्रत, आणि त्या व्रताला बांधलेला एकुलता एक मुलगा. आज मोडलं तर तो उगीचच गेला असं होणार होतं. समोर पोरगी जागच्या जागी डुलायला लागली होती.

बाईंनी पेला तोंडाला लावला. गटागटा प्यायल्या. ताक हनुवटीवरून पदरावर ओघळलं, पण त्या थांबल्या नाहीत. मग पेला उलटा करून त्यांनी लावण्याला दाखवला.

"हें बघ. प्यालें. आतां तूं."

लावण्या एक पेला प्याली, मग दुसरा, मग मटकन पायरीवर बसली आणि रडू लागली. अप्पाजींनी तिच्या डोक्यावर गार पाणी ओतलं, ओला पंचा मानेवर ठेवला. उरलेले चार किलोमीटर ती पळाली नाही. तिचा भाऊ येऊन तिला स्कूटरवरून डॉक्टरकडे घेऊन गेला.

पळणाऱ्यांच्या मागून येणारी शर्यतीची शेवटची गाडी भोंगा वाजवत निघून गेली. रस्त्यावर चुरगळलेले कागदी पेले तेवढे राहिले.

मग पावलं आली. डावं पाऊल घासत.

बाईंनी घाईघाईनं पेला भरून घेतला, रस्त्यात उतरल्या आणि दोन्ही हातांनी तो मोकळ्या उन्हात पुढे धरला.

"घे रे," त्या म्हणाल्या. "मीं पण प्यालेंय."

पावलं दारासमोर आली आणि थांबली.

मागे ओट्यावर पातेलं सरकल्याचा आवाज झाला. बाईंनी वळून पाहिलं. अप्पाजी पातेलं बाजूला सारून, स्वतः कडेला सरकून, कुणाला तरी बसायला जागा करत होते.