एकाच पत्रकाच्या पाच प्रती

आठ वाजून पाच मिनिटांनी केर्टूनं वर्गाबाहेरच्या फळीवर बूट ठेवले आणि लोकरी मोज्यांनीच आत जाऊन संगणक सुरू केला. तिच्या नववीच्या वर्गातली मुलं जांभया देत बसली. फळ्यावर कालचाच प्रश्न होता : हे सर्वांत आधी कोणी लिहिलं?

तेवढ्यात मुख्याध्यापक राउनो दारात आला. या गावात येऊन त्याला वर्षही झालं नव्हतं.

"हेल्काचा लेख आज शाळेच्या संकेतस्थळावर चढवू नकोस, केर्टू. शुक्रवार तरी जाऊ दे."

शुक्रवारी नव्या जलतरण केंद्राला एवर्ट सालोकांगासचं नाव दिलं जाणार होतं. १९३४ साली फुटत्या बर्फातून होडी वल्हवत त्यानं नऊ कोळी वाचवले, हे इथल्या प्रत्येकाला पाठ होतं. हेल्कानं ते फक्त पडताळून पाहिलं होतं.

"पाच संकेतस्थळांवर तेच लिहिलंय," राउनो म्हणाला.

"पाचही जणांनी एकाच पत्रकावरून उतरवलंय," हेल्का मागच्या बाकावरून म्हणाली. "१९८४ च्या उत्सवाचं पत्रक. त्यात पुरावा शून्य."

"आणि तुला सापडलेलं १९३४ चं वर्तमानपत्र तेवढं खरं?"

"तेही चुकू शकतं. म्हणून बंदराची नोंदवही पाहिली. दोन्हीकडे एकच आहे. होडी नैमी नावाच्या मोलकरणीनं वल्हवली. एवर्ट वाचलेल्या नऊ जणांतला एक होता."

"बुडता बुडता हीरो झाला!" कोणीतरी म्हणालं. वर्ग हसला.

राउनोनं केर्टूला बाहेर बोलावलं. "पोरगी पंधरा वर्षांची आहे. लोक तिला नेटवर फाडून खातील."

"लेखावर तिचं नाव नाही. तिनंच तसं ठरवलंय. खाली माझं नाव आणि पत्ता आहे. शिव्या मला येतील."

"आणि एवर्टची लेक? अठ्ठ्याऐंशी वर्षांची म्हातारी फीत कापणार आहे. जन्मभर बापाच्या अभिमानावर जगली बिचारी. तिला कोण सांगणार?"

"मी सांगेन."

"बोलायला सोपं आहे गं. तुझं काय जातंय यात?"

केर्टूनं दारातून वर्गाकडे पाहिलं. "पडताळायला आपणच शिकवायचं आणि सापडलं की लपवायला सांगायचं, हे मला जमणार नाही."

"मी नगरपालिकेला कळवीन."

"जरूर कळव. लेखाचा दुवाही पाठव, म्हणजे त्यांनाही पडताळता येईल."

ती आत आली. हेल्काचा चेहरा उतरला होता. "काढून टाकायचा का?"

"त्यातली एखादी ओळ खोटी आहे?"

"नाही."

"मग चढव."

हेल्कानं कळ दाबली.

मधल्या सुट्टीत केर्टू रिकाम्या शिक्षक-खोलीत गेली. दार लावून तिनं फोन लावला. पलीकडून आवाज यायला बराच वेळ लागला.

"आई," ती म्हणाली, "शुक्रवारी तू फीत कापायची नाहीस."