कमानीचा दगड

पट्टी आजही हिरवीच आली.

मिस्त्रींनी ती खिडकीपाशी नेली, डोळे बारीक करून पाहिली आणि चुरगाळून खिशात कोंबली. मोरीतल्या मोठ्या टबात पाण्याखाली सहा दगड पडले होते. मिस्त्रींनी स्वतःच्या हातानं केलेले. पांढरं सिमेंट, शिंपल्यांचा चुरा आणि जाडं मीठ कालवून त्यांनी ते ओल्या वाळूच्या साच्यात ओतले होते. पाण्यात मीठ विरघळून गेलं आणि दगडभर भोकं राहिली, थेट समुद्रातल्या खडकासारखी. एक दगड कमानीचा होता. तो त्यांनी तीनदा मोडून चौथ्यांदा केला होता.

"आजोबा, झाले तयार?" नातीनं दारातून विचारलं.

"अजून थोडे दिवस राहू दे."

कोनाड्यातला खडू घेऊन नातीनं भिंतीवर आजच्या दिवसाची रेघ ओढली. सत्तरावी. सहा वर्षांच्या पोरीला सत्तरापर्यंतचे आकडे या भिंतीनंच शिकवले होते.

बाहेरच्या खोलीत खाऱ्या पाण्याची काचेची टाकी नुसतीच बुडबुडत होती. ती मुलानं आणलेली. पाणी कसं करायचं, दिवा कुठला लावायचा, सगळं त्यानं वहीत लिहून ठेवलं होतं, आणि कमानीचं चित्रही काढलं होतं. माशांना कमानीखालून जायला आवडतं, असं तो लेकीला सांगायचा. मग साइटवर, बापाच्याच हाताखाली काम करताना, स्लॅब कोसळला आणि तो त्याखाली सापडून गेला. चौकशी झाली. सिमेंट वाईट होतं, असं ठरलं. स्लॅब पक्का होईपर्यंत खालचे टेकू पुरे एकवीस दिवस ठेवले होते, असा जबाब मिस्त्रींनी दिला. चाळीस वर्षांत ज्याची एक भिंत ओळंब्याबाहेर गेली नाही, त्याच्या शब्दावर कोण शंका घेणार?

त्या दिवसापासून त्यांनी साइटचं तोंड पाहिलं नव्हतं. थापी मात्र पुन्हा हातात घेतली, ती या दगडांसाठी. कोरं सिमेंट पाण्यात चुना सोडतं आणि तसला दगड टाकीत गेला तर मासे तडफडून मरतात, हे मिस्त्रींना कुणी शिकवायला नको होतं. रोज साधं पाणी बदलायचं, पट्टी बुडवून बघायची. जांभळी आली तर चुना सुटतोय, हिरवी आली तर दगड झाला. सात आठवडे पुष्कळ, असं माशांचा दुकानदार म्हणाला होता. पण मिस्त्री पाणी बदलतच राहिले. "मिस्त्री, मासे पाळताय की दगड?" असं शेजाऱ्यानं एकदा विचारलं. मग त्याचं त्यालाच वाईट वाटलं. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, असं तो घरी जाऊन बायकोला म्हणाला.

सून पदराला हात पुसत मोरीच्या दाराशी आली. रविवारी ती लेकीला घेऊन दुसऱ्या गावी जाणार होती. तिथं नोकरी मिळाली होती. निम्मं सामान बांधून झालं होतं.

"बाबा, दुकानदाराचा फोन होता. केशरी पट्ट्यांच्या माशांची ती जोडी तो आज संध्याकाळपर्यंत ठेवतोय. मग दुसऱ्याला देणार."

"देऊ दे. दुसरे मिळतील."

"आम्ही कुठं असू तेव्हा?" सून उंबऱ्यावरच बसली. "तिच्या बाबांनी कबूल केलं होतं तिला. कमानीखालून मासे जाताना एकदा बघू द्या पोरीला. मग निघते मी, अडवायचं नाही काही."

"चुना सुटतोय अजून."

"नाही सुटत." सुनेनं पदराची गाठ सोडली. आत हिरव्या पट्ट्यांची चळत होती. खिशात कोंबलेल्या, कपडे धुताना तिच्या हाती लागलेल्या. "तीन आठवडे हिरवीच येतेय. तुम्ही लपवता."

मिस्त्रींची मान खाली गेली. पोरीसमोर चोरी पकडली गेली, याची त्यांना लाज वाटली. पण त्याहून भीती मोठी होती.

"वरून कळत नाही गं," ते म्हणाले. "वरून टणक दिसतो. आतून कच्चा असला तर? अजून थोडे दिवस राहू दे."

"किती दिवस?" सुनेचा आवाज चढला नाही, पण डोळे भरून आले. "माणसं ज्याच्याखाली उभी राहतात, तो स्लॅब तुम्ही एकवीस दिवसांत मोकळा करता. आणि या बोटभर माशांना सत्तर दिवस पुरत नाहीत?"

मिस्त्रींनी टबात हात घातला. कमान उचलली आणि पाणी निथळेपर्यंत तशीच धरून ठेवली. मग ती पुन्हा तळाशी ठेवली, अगदी हलकेच.

"नऊ," ते म्हणाले.

"काय नऊ?"

"नऊ दिवस झाले होते त्या स्लॅबला. मला वरच्या मजल्याची घाई होती. मीच टेकू काढायला लावले."

नात खडू हातात घेऊन दोघांकडे बघत उभी होती.

"त्याला पटत नव्हतं," मिस्त्री टबातल्या पाण्याकडे बघत म्हणाले. "सारखा म्हणत होता, बाबा, अजून थोडे दिवस राहू द्या."