दारावरचं पान

दारावर निळ्या कागदातून कापलेलं झाडाचं एक पान चिकटवलेलं होतं, जरा वाकडं. "कित्ती छान!" म्हणत बाईंनी ते सरळ केलं आणि त्या आत शिरल्या.

बालवाडी सोडून बाई स्तनपान सल्लागार व्हायला निघाल्या होत्या. "नर्स नसलेली बाई आयांना काय शिकवणार, बडबडगीतं?" असं वॉर्डात कुणीतरी म्हणालंही होतं. आज पहिल्यांदाच त्या एकट्या खोल्यांमधून फिरत होत्या. काखेत शिकवण्याचा कापडी बाहुला, तोही टोपडं घातलेला.

खाटेवर बाळंतीण उशीला टेकून बसली होती. खिडकीपाशी तिची आई दुपट्यांच्या घड्या घालत होती. पाळणा जागेवर नव्हता.

"बाळराजे तपासणीला गेलेत वाटतं? बरंच झालं! तोवर बाहुल्यावर हात बसवून घेऊ. छाती भरून आलीय ना? ठणकते?"

बाळंतिणीने हळूच मान हलवली.

"अगं, मग ही तर चांगली खूण!" बाईंनी बाहुला तिच्या हातांत ठेवला आणि तिचं कोपर उशीवर टेकवलं. "पोटाला पोट लागलं पाहिजे. कान, खांदा, कंबर एका रेषेत. घाई करायची नाही. त्याने मोठ्ठा आ केला की आधी हनुवटी टेकवायची."

बाळंतीण काही बोलली नाही. न बोलणारी मुलं बाईंना नवी नव्हती. अशा मुलांशी आपणच दुप्पट बोलायचं, म्हणजे ती खुलतात, हा त्यांचा अनुभव.

"आजीबाई, घड्या राहू द्या, इकडे बघा! घरी गेल्यावर परीक्षा तुमचीच आहे."

आजीच्या हातातलं दुपटं खाली पडलं. तिने ते उचललं नाही.

तेवढ्यात गोळ्या घेऊन सिस्टर दारात आल्या आणि तिथेच थबकल्या. "बाई, जरा बाहेर या."

बाहेर आल्यावर सिस्टरांनी दार ओढून घेतलं. आवाज अगदी खाली आणला.

"दारावरचं पान दिसलं नाही तुम्हाला?"

"दिसलं की. वाकडं होतं, सरळ केलं मी."

"अहो, ज्या खोलीतलं बाळ जातं, त्या दारावर लावतो ते. आज पहाटे गेलं त्यांचं."

बाई त्या पानाकडे बघत राहिल्या.

"तुम्हाला कुणीच सांगितलं नाही?" सिस्टरांनी विचारलं आणि मग स्वतःच कपाळाला हात लावला. "आम्हा नर्सना माहीतच असतं हो. तुम्हाला सांगायला हवं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही."

"मी आजीबाईंना परीक्षेचं म्हणाले," बाई पुटपुटल्या. मग एकदम दचकल्या. "बाहुला! बाहुला आतच राहिला."

"थांबा, मी आणते."

"नको. मीच दिलाय, मीच जाते."

दार ढकलायला त्यांना दोन्ही हात लावावे लागले.

बाळंतीण होती तशीच बसली होती. बाहुला तिने नीट धरला होता. पोटाला पोट. कान, खांदा, कंबर एका रेषेत. तिच्या गाऊनवर दोन्हीकडे ओले डाग पसरत चालले होते. खिडकीपाशी आजी भिंतीकडे तोंड करून उभी होती.

"बाई," बाळंतीण म्हणाली, "धरलंय ना बरोबर?"

"हो," बाई म्हणाल्या. "बरोबर धरलंयस."

"मग आता हे दूध थांबवायचं कसं, तेही सांगा. तेवढं राहिलं तुमचं."

बाई खाटेच्या कडेवर बसल्या. दूध थांबवायचा धडाही झाला होता त्यांचा, तोंडपाठ होता. बाहुल्याचं टोपडं एका बाजूला घसरलं होतं. ते सरळ करायला बाईंचा हात सवयीने पुढे गेला, आणि अर्ध्यावरच थांबला.