कोणती माय असं करंल?

सुभद्राबाईच्या कमरेला, लुगड्याच्या आत, एक फोडलेला सरकारी लिफाफा खोचलेला होता, आणि तो जिच्या नावाचा होता ती तिची लेक भामा समोरच बसून कादंबरी वाचत होती.

देऊळघाटात उन्हाळ्याच्या शेवया एकेका घरी पाळीपाळीनं होत. चारपाच जणी शेवया वळायच्या आणि एकीनं वाचायचं. वाचणारीच्या वाटचं काम बाकीच्यांनी करायचं, हा गल्लीचा ठरलेला रिवाज. सातवीची फायनल परीक्षा पास झालेली भामा गल्लीत एकटीच. त्यामुळे दोन उन्हाळे तिच्या हाताला पीठ लागलं नव्हतं आणि बुलढाण्याच्या वाचनालयातल्या प्रेमाच्या कादंबऱ्या ज्यांना अक्षर येत नव्हतं त्यांनाही पाठ झाल्या होत्या.

आज पाळी सुभद्राबाईच्या घरची होती, पण ओसरीवर मोताळ्याचे पाहुणे बसले होते. चहा झाला की सुपारी फुटणार, म्हणजे भामाचं लग्न पक्कं. बापलेकीची बोली झाली होती. मास्तरणीच्या ट्रेनिंगला निवड झाल्याचं पत्र आलं तर ती बुलढाण्याला शिकायला जाईल. सुपारी फुटेपर्यंत नाही आलं तर मोताळ्याला निमूट हो म्हणेल. पत्र चार दिवसांपूर्वी आलं आणि भामाच्या बापाच्या, किसनरावांच्या हाती पडलं. त्यांनी ते वाचलं, बायकोच्या हातात दिलं आणि म्हणाले, "चुलीत घाल." सुभद्राबाईला वाचता येत नव्हतं. पण आत नकार असता तर नवऱ्यानं तो पोरीला हौसेनं दाखवला असता, एवढं कळायला शाळेत जावं लागत नाही. दोनदा तिनं तो लिफाफा चुलीपर्यंत नेला होता आणि दोनदा परत खोचला होता.

"'तिने उशीत तोंड खुपसले आणि ती मूकपणे अश्रू ढाळू लागली,'" भामानं वाचलं आणि पुस्तक मांडीवर आपटलं. "झालं, पुन्हा रडून राह्यली. दीडशे पानं झाली, ही रडूनच राह्यली."

"त्या मुंबईवाल्याचं पत्र नाही आलं ना तिले," शेजारची पुष्पाबाई म्हणाली.

"मंग उठून पोस्टात जावं. डाकवाल्याले विचारावं. पण नाही, हिले फक्त खिडकीत उभं राहता येते."

सुभद्राबाईच्या बोटांतली शेवई तुटली. तिनं पीठ पुन्हा मळायला घेतलं.

रुक्मिणीबाई गल्लीत सगळ्यांत म्हातारी, आणि कादंबरीतल्या माणसांवर सगळ्यांत जास्त चिडणारी. नायकाला कामधंदा नाही, नायिकेला भूक लागत नाही, हे तिला कधीच खपलं नव्हतं. "दळण कोण दळते वो यायच्या घरी?" हे ती दर कादंबरीत एकदा तरी विचारायचीच.

भामानं पान उलटलं आणि ती थांबली. "पत्र आलं होतं, मावशी. तिच्या मायनंच लपवलं."

"कोणाच्या? पोरीच्या मायनं?"

"हाव."

"खोटं आहे," रुक्मिणीबाईनं निकाल देऊन टाकला. "सासूनं लपवलं म्हणलं असतं तर म्या मानलं असतं. कोणती माय असं करंल? लिहिणाऱ्याले काही सुचलं नाही, टाकलं मायच्या माथी."

बायका हसल्या. भामा हसली नाही.

"मलेबी नाही पटत," ती म्हणाली. "लेक डोळ्यासमोर झुरून राह्यली अन् माय नुसती पाहून राह्यली? असं कुठं असते?"

"भामाले तयार ठेवा," ओसरीवरून किसनराव म्हणाले. "बोलावतोच आता."

भामाचा चेहरा उतरला. तिनं पुस्तक मिटलं आणि डोक्यावर पदर घेतला. पत्राबद्दल ती चार दिवसांत एकदाही बोलली नव्हती, डाकवाल्याला विचारायलाही गेली नव्हती. बाप आपला शब्द मोडणार नाही असं ती धरून चालली होती.

सुभद्राबाईला नवऱ्याची भीती वाटत होती. लग्न झाल्यापासून वाटत होती, त्यात नवं काही नव्हतं. पण आज तिला लाज वाटली, आणि ती त्या भीतीहून फार मोठी निघाली.

"बस खाली," ती म्हणाली.

तिनं पिठाचे हात लुगड्याला पुसले, लिफाफा काढला आणि लेकीच्या मांडीवर, मिटलेल्या पुस्तकावर ठेवला. घामानं तो मऊ पडला होता. भामानं आधी महाराष्ट्र शासनाचा शिक्का पाहिला, मग आपलं नाव, मग आईकडे पाहिलं.

"कधी आलं हे?"

"चार दिवस झाले."

"चार दिवस तुह्याजवळ होतं?"

"हाव. माह्याजवळच होतं. वाच."

कोणीच शेवया वळत नव्हतं. भामा ओठ हलवत वाचू लागली.

"मनात नको," रुक्मिणीबाई हळूच म्हणाली. "आम्हाले ऐकू दे."

"'आपली निवड झाली असून,'" भामानं वाचलं, "'दिनांक पंधरा जून रोजी सकाळी दहा वाजता मूळ दाखल्यांसह हजर राहावे.'"

ओसरीवरचं बोलणं थांबलं.

"काय चाललं आत?" किसनरावांनी विचारलं.

"काही नाही." सुभद्राबाई उठून दारात उभी राहिली. "पोरगी वाचून राह्यली."

मग तिथूनच ती भामाला म्हणाली, "पुन्हा वाच. पाहुण्यायले नीट ऐकू नाही गेलं."