हलकं हेल्मेट

क्षिप्राच्या पत्राला गुरुदत्तांनी अजून उत्तर दिलं नव्हतं. आजोबा फोनवर दोन शब्दांपलीकडे बोलत नाहीत, म्हणून नातीने डोंबिवलीहून मुद्दाम पत्र लिहिलं होतं : "आजोबा, डोंगरातल्या कच्च्या वाटांवर बाईक चालवायला हलकं हेल्मेट हवंय. कुठलं घेऊ? तुम्ही एकदा सांगितलंत, की मग बाबा बाईक विकायचं नाव काढणार नाहीत."

आपल्याला त्यातलं काय कळतं, या धास्तीने गुरुदत्त महिनोन्‌महिने हेल्मेटांविषयी नुसते वाचत बसले. फार हलकं घ्यावं तर फुटेल, दणकट घ्यावं तर पोरीची मान अवघडेल. कोपरीतल्या घरातून उठून ठाण्यातल्या दुकानांत खेटे घातले, स्वतःच्या टकलावर हेल्मेटं चढवून पाहिली.

"अहो, नातीसाठी हेल्मेट बघताय की नवरा?" त्यांच्या पत्नी वासंतीबाईंनी टोमणा मारला.

शेवटी एक मनासारखं मिळालं. 'हेच वापर, खुशाल चालव,' एवढीच चिठ्ठी आत ठेवून त्यांनी खोकं पोस्टात दिलं. काउंटरवरच्या बाई वजन करताना म्हणाल्या, "केवढं हलकं हो, आजोबा!" गुरुदत्त कधी नव्हे ते मोकळं हसले.

पावती खिशात घालून पायऱ्या उतरत होते, तोच मुलाचा, सलिलचा, फोन आला.



"बाबा, क्षिप्राची बाईक काल विकून टाकली. फार रडली. पण तिच्या पत्राला तुम्ही उत्तर दिलं नाहीत, तेव्हाच मी समजलो, तुम्हालाही हे पसंत नाही. तुमच्या शब्दाबाहेर मी कसा जाईन?"